परतीच्या पावसानंतर खुरांची निगा

प्रश्न : खानापूरजवळ आमचा घरचा लहान तबेला असून त्यात तीन घोडे, दोन तट्टे आणि एक शिंगरू आहे. खंडेनवमीच्या पूजेसाठी पाय धुताना वडिलांना एका तट्टाच्या पुढच्या खुरातून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येताना दिसला. नाल काढावी काय? आणि बांधावरचे कोवळे गवत कितपत चारावे?

उत्तर १ : तळव्यातील त्रिकोणी मऊ भागाला ओलीमुळे कूज लागलेली दिसते. नालबंदाकडून नाल काढून सडका भाग कापून घ्यावा, खूर रोज कोरून आयोडीन लावावे आणि मुख्य म्हणजे जागा कोरडी करावी. ओल्या दावणीत कोणतेही औषध टिकत नाही.

उत्तर २ : गवताबाबत घाई नको. आधी वाळलेला चारा देऊन अर्ध्या तासापासून चराई वाढवावी, कारण लठ्ठ तट्टांना हिरव्या गवताने खुरांचा दाह होतो आणि एकदा झालेला तो दाह वारंवार उलटतो. चारशे किलोच्या घोड्यास दिवसाला ६ ते ८ किलो सुका चारा पुरतो. ज्वारीचा कोवळा फुटवा मात्र विषारी असतो, तो टाळावा.

उत्तर ३ : याच दिवसांत गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग पसरतो. ताप चढउतार करत असेल आणि पोटाखाली सूज दिसत असेल, तर पशुवैद्यांकडून रक्त तपासून घ्यावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नालबंद उद्या येणार आहेत. शिंगरू मात्र अजून कोणालाच पाय उचलू देत नाही.