कनेक्शन क्लोज करूनही पोर्ट परत का मिळत नाही? टाइम-वेटचा घोळ

रात्रपाळी_डेव्ह:
नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच गोष्टीत अडकलोय म्हणून विचारतोय. लिनक्सवर माझी एक छोटी सर्व्हिस आहे, ती प्रत्येक रिक्वेस्टला बॅकएंडकडे (मागच्या सर्व्हरकडे) नवीन टीसीपी कनेक्शन उघडते आणि उत्तर आलं की स्वतःच क्लोज करते. लोड टेस्टमध्ये सेकंदाला 600 रिक्वेस्ट मारल्या की पंचेचाळीस-पन्नास सेकंद सगळं मस्त चालतं आणि मग धडाधड 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस', एरर नंबर 99. सीपीयू निवांत, मेमरी भरपूर, बॅकएंडच्या लॉगमध्ये काहीच नाही. एसएस कमांडने बघितलं तर 28 हजारांच्या आसपास सॉकेट (कनेक्शनची आपल्याकडची टोकं) टाइम-वेटमध्ये, म्हणजे क्लोज झाल्यावरही लिनक्स काही काळ धरून ठेवतो त्या अवस्थेत. अहो पण मी व्यवस्थित क्लोज करतोय ना, मग पोर्ट अडकतोच कसा?

आणि खरं डोकं फिरवणारं पुढे आहे, बॅकएंड त्याच मशीनवर 127.0.0.1 ला ठेवला तर हा एरर येतच नाही, वेगळ्या मशीनवर ठेवला की हमखास येतो. एका जुन्या पोस्टमध्ये टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल लावा म्हटलंय, ती सेटिंग तर माझ्याकडे सापडतच नाहीये.

सर्व्हर_सांभाळे:
टीसीपी_फिन_टाइमआउट 60 चं 10 करून टाका, टाइम-वेट लवकर सुटेल.

पॅकेट_वाचक:
नाही हो, हे खूप ठिकाणी लिहिलेलं असतं पण चूक आहे. ती सेटिंग फिन-वेट-2 साठी आहे, म्हणजे आपण फिन (कनेक्शन संपवतोय हा निरोप) पाठवलं, त्याचं अ‍ॅक (पोच) आलं, पण समोरच्याचं फिन अजून आलेलं नाही आणि आपल्या प्रोग्रॅमने सॉकेट सोडून दिलंय ती अवस्था. टाइम-वेटचे 60 सेकंद लिनक्सच्या सोर्समध्येच पक्के लिहिलेत, ते बदलायचे तर कर्नल (लिनक्सचा गाभा) पुन्हा कंपाइल करावा लागतो.

आता मूळ प्रश्न. आधी तुमचा हिशोब करू, कारण आकडे अगदी जुळतायत. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी लिनक्स साधारणपणे 32768 ते 60999 मधला पोर्ट देतो, म्हणजे 28232 पोर्ट. सेकंदाला 600 वापरले तर 47 सेकंदांत संपले, आणि पहिला पोर्ट परत यायला 60 सेकंद लागणार. म्हणजे एका बॅकएंडकडे, त्याच्या एका पोर्टवर, सतत झेपेल असा वेग 470 च्या आसपास, त्यावर गेलात की कधी ना कधी हे होणारच.

इथे एक लक्षात घ्या, पोर्ट 'भरलेला' किंवा 'मोकळा' असा नसतोच. कर्नल चौकडी बघतो: आपला आयपी, आपला पोर्ट, समोरचा आयपी, समोरचा पोर्ट. चारातलं एक जरी वेगळं असेल तरी ते वेगळं कनेक्शन, त्यामुळे 40000 नंबरचा पोर्ट एकाच वेळी दोन वेगळ्या बॅकएंडसाठी खुशाल वापरता येतो. तुमच्या टेस्टमध्ये चारातले तीन आकडे ठरलेले आहेत, हलतो फक्त आपला पोर्ट, म्हणून तुम्ही इतक्या लवकर भिंतीला धडकताय.

आणि थांबायचं कशाला, तर जो आधी क्लोज करतो त्याच्याकडे टाइम-वेट येतो. शेवटचं अ‍ॅक वाटेत हरवलं तर समोरचा फिन परत पाठवणार, तेव्हा त्याला उत्तर द्यायला कोणीतरी हजर पाहिजे. दुसरं आणि जास्त धोक्याचं म्हणजे जुन्या कनेक्शनचं उशिरा पोचलेलं पॅकेट. तीच चौकडी लगेच नव्या कनेक्शनला दिली आणि सीक्वेन्स नंबर (डेटाचा अनुक्रमांक) जुळून आला, तर जुना डेटा नव्याच्या मधे घुसेल आणि कुठेही एरर दिसणार नाही. 1981 च्या आरएफसी 793 मध्ये (टीसीपीच्या मानकात) पॅकेटचं जास्तीत जास्त आयुष्य 2 मिनिटं धरलंय आणि त्याच्या दुप्पट थांबा असं सांगितलंय, म्हणजे 4 मिनिटं, त्या मानाने लिनक्सचं 1 मिनिट कमीच आहे. म्हणून टाइम-वेट दिसला की त्याला हाकलायला धावू नका, तो तुमचा डेटा सांभाळतोय.

लूपबॅकचं, म्हणजे त्याच मशीनवरच्या 127.0.0.1 चं, कोडंही सुटतं. टीसीपी_टीडब्ल्यू_रीयूज नावाची सेटिंग आहे, लिनक्स 4.19 पासून ती 2 वर असते, म्हणजे फक्त लूपबॅकसाठी चालू. ती 1 केली की सगळ्या बाहेर जाणाऱ्या कनेक्शनना लागू होते, एक सेकंद उलटला की टाइम-वेटमधली चौकडी पुन्हा देता येते. दोन्हीकडे टीसीपी टाइमस्टॅम्प (पॅकेटवरचे वेळेचे शिक्के) चालू पाहिजेत, कारण जुनं पॅकेट त्यावरूनच ओळखून टाकून देतात.

रीसायकल सापडत नाही ते चांगलंच आहे, 2017 मध्ये लिनक्स 4.12 मधून ती काढूनच टाकली. एका नॅटमागे दहा मशीन असल्या की बाहेरून आयपी एकच दिसतो पण प्रत्येकीचा टाइमस्टॅम्प वेगळा, मग ज्याचा आकडा मागे त्याचं सिन (कनेक्शन सुरू करायची विनंती) सर्व्हर गुपचूप टाकून द्यायचा. काहींचं कनेक्शन लागतंय काहींचं नाही, असा तो त्रास असायचा आणि शोधायला महाभयंकर.

पण माझं स्पष्ट मत, तुमच्या केसमध्ये पोर्ट परत मिळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा कनेक्शनच परत वापरा. पूल (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) ठेवा, कीप-अलाइव्ह (उत्तर आलं तरी कनेक्शन उघडं ठेवणं) चालू करा.

रात्रपाळी_डेव्ह:
वा, 47 सेकंदांचा हिशोब बघून पटलंच एकदम. एक उपप्रश्न, बॅकएंडलाच आधी क्लोज करायला लावलं तर? आणि कधी कधी बॅकएंड रीस्टार्ट करताना 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं, ते पण हेच का?

सी_आणि_सॉकेट:
बॅकएंडने आधी क्लोज केलं तर टाइम-वेट तिकडे जाईल आणि तिकडे तो तितका टोचत नाही, कारण त्याचा पोर्ट एकच असतो, तो संपत नाही, थोडी मेमरी जाते एवढंच.

रीस्टार्टचा एरर भाऊबंदच आहे पण उपाय वेगळा. तिथे बाइंडच्या (सॉकेटला पोर्ट जोडण्याच्या) आधी सॉकेटवर एसओ_रीयूजअ‍ॅडर लावा, म्हणजे जुनी कनेक्शनं टाइम-वेटमध्ये असली तरी लिसन करता येतं. दुसरा प्रोसेस खरोखर लिसन करत असेल तर लिनक्स तरीही नाहीच म्हणतो, आणि तेच बरोबर आहे. विंडोजवर मात्र याच नावाच्या ऑप्शनने चालू असलेल्या दुसऱ्याचा पोर्टही घेता येतो, म्हणून तिकडे एसओ_एक्सक्लुझिव्हअ‍ॅडरयूज वेगळा आहे. लिनक्सचा कोड जसाच्या तसा तिकडे नेणार असाल तर हे आधी तपासा.

आणि एसओ_लिंगर शून्य करून आरएसटी (कनेक्शन तडकाफडकी तोडणारं पॅकेट) मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, टाइम-वेट जातो खरा पण न पोचलेला डेटाही जातो.

रात्रपाळी_डेव्ह:
पूल लावला, 50 कनेक्शनांचा. त्याच 600 च्या वेगाने अर्धा तास टेस्ट चालली, एकदाही 99 नाही, टाइम-वेटमध्ये मोजून सात सॉकेट. रीयूज सेटिंगला हातही लावला नाही. एसओ_रीयूजअ‍ॅडर आज रात्री बॅकएंडमध्ये टाकतोय.