शिडाच्या होड्या परतण्याची वेळ घरच्यांना कशी कळत असे?

प्रश्न (पैठण):
आमच्याकडे नाथसागरात भोई बांधव जाळे टाकायला जातात. पाणी अफाट असले तरी ते कोणत्या बाजूला असतील याचा अंदाज काठावरून येतो. कोकणात इंजिने येण्यापूर्वी शिडाच्या होड्या तर पार दिसेनाशा होत. मग त्या केव्हा परततील, आणि काळजी केव्हापासून करायची, हे घरच्यांना कशावरून समजत असे?

उत्तर (नांदेड):
नोकरीनिमित्त रत्नागिरीला असताना मी हेच एका वृद्ध तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) विचारले होते. सारा हिशेब वाऱ्याचा असे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. या मतलई वाऱ्यावर पहाटे शीड उभारून होड्या बाहेर पडत; दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटे, त्यावर त्या परत येत. हिवाळ्यात हा क्रम बराच नियमित असल्याने जवळच्या पाण्यात गेलेली होडी दुपार कलताना दिसू लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. खाडीत शिरायला मात्र भरती लागे, नाहीतर मुखाशी वाळूत रुतण्याची भीती. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे तिथी सांगितली की घरातल्या बायकाही तिची वेळ सांगत.

उत्तर (परभणी):
वरील माहिती योग्यच आहे. पण किनाऱ्यावर नुसत्या डोळे लावून उभ्या राहिलेल्या बायकांचे चित्र मला पटत नाही. होडी लागताच मासळी निवडणे, बाजारात नेऊन विकणे, उरलेले बोंबील बांबूंवर वाळत घालणे हे त्यांचेच काम, आणि पैशाचा व्यवहारही बहुतेक त्यांच्याच हाती. (आपल्या आठवडी बाजारात येणारी सुकट आणि बोंबील किनाऱ्यावरच्या अशाच वाळवणातून येतात.) पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारत, त्या थेट नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरत, त्या काळात घोर नसे, पण मिळकतही नसे.

प्रश्नकर्ता (पैठण):
आभारी आहे. दुपारचा वारा सुटलाच नाही, तर?

उत्तर (नांदेड):
तर वल्ही मारत यावे लागे आणि रात्र होई. म्हणून नुसत्या उशिराने कोणी घाबरत नसे; आभाळ भरून वारा भलत्याच दिशेने सुटला, की मात्र घरच्यांचा जीव टांगणीला लागे. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळात तर इंजिनाच्या होड्यांचीही तीच गत झाली.