पिकअपला एलईडी हेडलाइट व इंडिकेटर बसवले. कायद्याने चालतात का?

प्रश्न – मोसंबीवाला, अंबड

सर्वांना नमस्कार. मोसंबीच्या हंगामात अंबडहून पाचोडमार्गे छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात पहाटेच्या आत पोहोचायचे असल्याने मला पिकअप घेऊन बहुतेक वेळा रात्रीच निघावे लागते. जुन्या हॅलोजनचा उजेड कमी पडतो म्हणून गेल्या महिन्यात हेडलाइटचे दोन्ही आणि इंडिकेटरचे चारही बल्ब एलईडीचे घातले. तेव्हापासून इंडिकेटर लावला की तो पूर्वीच्या दुप्पट वेगाने लुकलुकतो, आणि मी डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या उजेडावर, असलो तरी समोरून येणारा जवळपास प्रत्येक चालक उजेड कमी कर म्हणून दिवे लुकलुकवतो. परवा आडूळच्या पुढे एक दुचाकीस्वार माझ्या उजेडाने दिपून कडेच्या मातीत उतरला. तो पडला नाही, पण डोळ्यांसमोर हात धरून उभा राहिलेला तो माणूस अजून नजरेसमोरून जात नाही. बल्ब बसवून देणाऱ्याचे म्हणणे असे की नव्या गाड्यांना कंपनीकडूनच एलईडी येतात, त्यामुळे काही अडचण नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर – वायरिंगवाला, परभणी

दादा, कंपनीच्या एलईडीमध्ये दिवा, भिंग आणि परावर्तक (रिफ्लेक्टर) एकमेकांसाठीच घडवलेले असतात. आपल्या हेडलाइटचा परावर्तक हॅलोजनच्या आतल्या तापणाऱ्या तारेसाठी घडवलेला आहे. जुना बल्ब हातात घेऊन पाहा: डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी दिसेल. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून परावर्तकाच्या वरच्या भागावर पडलेला उजेडच रस्त्याकडे वळतो. एलईडीचे उजेड देणारे ठिपके त्या तारेच्या नेमक्या जागी बसले नाहीत, तर प्रकाशाची वरची कड फुटते आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. माझा सल्ला स्पष्ट आहे: हेडलाइटला ६०/५५ वॉटचे चांगले हॅलोजन परत घाला, काच आतून-बाहेरून स्वच्छ करा आणि दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळते का ते तपासून घ्या. जुन्या गाड्यांत उजेड कमी पडण्याचे कारण पुष्कळदा गंजलेले अर्थिंग (दिव्याची गाडीच्या बॉडीला जोडलेली तार) असते.

इंडिकेटरचे कारण वेगळे आहे. २१ वॉटचा एक बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपियर ओढतो, तर एलईडी त्याचा लहानसा अंशच ओढतो. त्यामुळे बल्ब उडाला असे समजून फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) घाईने चालतो. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला की वेग जागेवर येतो. काही जण जुन्या बल्बइतकी वीज ओढली जावी म्हणून ६ ओहमचा रेझिस्टर लावतात. पण त्यात सुमारे २४ वॉटची उष्णता होते, बोट लावले तर पोळते, आणि प्लास्टिकजवळ तो लावणे धोक्याचे आहे.

उत्तर – नियमवाचक, लातूर

एलईडीला कायद्याने सरसकट बंदी नाही. दिवा रस्त्यावर काय करतो हे नियम पाहतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०२ नुसार इंडिकेटर पिवळसर नारिंगी असावा आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी किंवा १२० पेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये, म्हणून घड्याळ लावून मोजून पाहा. नियम १०६ नुसार डिपरचा उजेड ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा नसावा. आपल्याला भेटलेल्या दुचाकीस्वाराची नजर साधारण त्याच उंचीवर असते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि बेकायदा बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. नुसता बल्ब बदलणे त्यात बसते की नाही यावर मतभेद होऊ शकतील, पण दिपवणारा उजेड मात्र निर्विवाद नियमभंग आहे. मागच्या बाजूला लाल, इंडिकेटर, रिव्हर्सचा पांढरा आणि नंबरप्लेटवरचा दिवा यांखेरीज कोणताही रंग लावू नये.

उत्तर – ऊसवाहतूकदार, माजलगाव

गाळपाच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टर चालवतो, म्हणून एवढेच जोडतो. ट्रॉलीचा सॉकेट जोडायचा राहिला, तर ट्रॅक्टरवरचा कितीही तेज इंडिकेटर उसाच्या मोळ्यांआड झाकला जातो आणि मागच्याला काहीच कळत नाही. आपल्या पिकअपमध्येही क्रेट भरल्यावर मागचे दिवे दिसतात का, हे वीस पावले मागे जाऊन पाहावे.

मोसंबीवाला, अंबड

सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच मोजले, मिनिटाला १५२ वेळा लुकलुकतो. हॅलोजन उद्या परत घालतो, फ्लॅशर मागवला आहे. क्रेट लावून पाहिले, तर उजवीकडचा मागचा दिवा ताडपत्रीच्या टोकाने निम्मा झाकला होता. ते टोक आता आत खोचून बांधले आहे.