सुराउत १०० जणांसाठी बुबुर लांबुक : प्रमाण, वेळ आणि दुलांगवर बसायची रीत

प्रश्न (शाहआलमकर)

मंडळी, इथे मलेशियात आमच्या संकुलातल्या सुराउत, म्हणजे छोट्या नमाजघरात, रमजानच्या दुसऱ्या शनिवारी गोतोंग-रोयोंग (सगळ्यांनी मिळून करायचं काम) आहे. सगळ्यांनी मिळून बुबुर लांबुक, म्हणजे मांस घातलेली तांदळाची खारी खीर, रांधायचं, असरनंतर (दुपारच्या उत्तरार्धातल्या नमाजीनंतर) वाटायचं आणि संध्याकाळी तिथेच एकत्र इफ्तार करायचा. यंदा मराठी घरांनाही हाक आली आहे. घरच्या चार माणसांची कृती पंचवीसपट केली की खीर बिघडते, म्हणून विचारतो : १०० जणांना नेमकं किती साहित्य लागेल? तळाला लागू नये आणि वाटेपर्यंत गोळा होऊ नये म्हणून काय करायचं? जेवण दुलांगवर आहे, म्हणजे चौघांत एक परात. तिथल्या रीतीही सांगा.

सोडेवाली

माणशी ३०० मिली धरा. म्हणजे ३० लिटर तयार खीर. पातेलं ४५ ते ५० लिटरचं हवं, काठोकाठ भरलं तर ढवळता येत नाही.

तांदूळ अडीच किलो, तासभर भिजवून. बीफ २ किलो, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे. सोडे २५० ग्रॅम. कांदे १ किलो, लसूण आणि आलं २००-२०० ग्रॅम. तूप २५० ग्रॅम. दालचिनीच्या ६ कांड्या, चक्रीफूल ८, लवंगा आणि वेलची १५-१५, मेथीदाणे १ मोठा चमचा. नारळाचं जाड दूध २ लिटर. ताजी कुटलेली मिरी ३ मोठे चमचे. पाणी सुरुवातीला २५ लिटर, शिवाय ५ लिटर उकळतं पाणी शेजारच्या शेगडीवर कायम तयार.

तुपात खडा मसाला आणि मेथी, मग वाटलेला कांदा-आलं-लसूण. वाटणाचा कच्चा वास पूर्ण जाऊन कडेने तूप सुटेपर्यंत परता. मोठ्या पातेल्यात याला २० मिनिटं लागतात आणि इथेच घाई होते. मग भिजवून भरड कुटलेले सोडे. सोड्यांचा वास उग्रपणा सोडून खरपूस झाला की मटण मसाल्यात परततो तसं बीफ परता, पाणी घाला आणि पाऊण तास शिजू द्या. तांदूळ त्यानंतर. आधी टाकलात तर मांस शिजेपर्यंत तांदळाची लापशी होऊन तळाला बसते.

तांदूळ पडल्यापासून दीड तास. नारळाचं दूध शेवटच्या २० मिनिटांत, आच मंद करून. खळखळ उकळलं की दूध फुटतं आणि वर तेलाचे डोळे दिसतात. ताजं काढलेलं दूध लवकर फुटतं, डब्यातलं जरा दम धरतं. मिरी अगदी शेवटी.

मीठ १५० ग्रॅमपासून सुरू करा, सोडे खारट असतात. उरलेलं ५०-७० ग्रॅम नारळाचं दूध पडल्यावर. रोजा असलेल्या आचाऱ्याने गरजेपुरतं जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर रोजा मोडत नाही, पण चव बघायला रोजा नसलेला माणूस शेजारी असणं केव्हाही सोयीचं. मराठी मंडळींचं पहिलं काम तेच.

काहीलवाला

प्रमाण बरोबर आहे. माझं सांगणं तळाबद्दल.

इथल्या कावाला, म्हणजे त्या मोठ्या लोखंडी कढईला, आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीसारखं सतत माणूस लागतं. ढवळायला वल्ह्यासारखा लांब लाकडी कलथा, टोक सपाट हवं. गोल चमच्याने वरचं फिरतं आणि तळ तसाच राहतो. गोल गोल फिरवू नका. कडेकडून मध्याकडे तळ खरवडत आणा, मग आठच्या आकड्यात. तांदूळ पडल्यावर दर १५ मिनिटांनी माणूस बदला, कारण हात दुखायला लागले की कलथा आपोआप वर उचलला जातो.

करपल्याचा वास आलाच तर खरवडायचं नाही. आच बंद, वरची खीर दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या आणि तळाचा थर तसाच सोडा. एकदा खरवडलं की ३० लिटरभर तो वास पसरतो.

घट्टपणाचं म्हणाल तर तांदळाचा कण आच बंद केल्यावरही पाणी पितच राहतो. म्हणून उतरवताना खीर तुम्हाला हवी त्यापेक्षा सैल दिसली पाहिजे. पळीतून धार पडावी, थेंब नव्हे. बरेच जण कणी वापरतात. ती लवकर शिजते, पण तितकीच लवकर गोळा होते, तेव्हा पाणी २-३ लिटरने वाढवा. सैल करायला उकळतंच पाणी. गार पाणी घातलं की खीर पातळ होत नाही, फुटल्यासारखी दिसते.

वेळ उलटी मोजा. क्वालालंपूरच्या बाजूला मगरिब (सूर्यास्ताची नमाज, इफ्तारची वेळ) साधारण सव्वासात ते साडेसात. वाटप ५ वाजता, म्हणजे पावणेपाचला खीर उतरलेली. शेगडी १ वाजता पेटवा, त्याआधी कांदा-लसूण सोलून तयार. नारळाचं दूध घातलेला पदार्थ इथल्या उकाड्यात टिकत नाही. डबे कडकडीत गरम भरा, वर तळलेला कांदा आणि सेलरीची पानं, आणि ४ तासांत संपवायला सांगा. गाडीच्या डिकीत डब्यांचा ढीग ठेवणं हे आंबण्याचं सगळ्यात ठरलेलं कारण.

सोडेवाली

एक भर. वर दिलेली ही क्वालालंपूरमधल्या काम्पुंग बारूच्या जामे मशिदीची धाटणी : मसाला, तूप, बीफ. तेरेंगानूकडची माणसं असतील तर त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच लांबुक असेल : मासा, रताळं, नेच्याचे कोवळे कोंब, केसूमची सुवासिक पानं आणि भरपूर मिरी. दोन्हींचं नाव एक, चव वेगळी. आधी विचारून घ्या.

दुलांगवासी

आता जेवण. अजान झाली की आधी खजूर आणि पाणी, सोबत कुईह (इथले छोटे गोड-तिखट खाऊ) किंवा ही खीर. बऱ्याच ठिकाणी मग मगरिबची नमाज आणि त्यानंतर भात. काही ठिकाणी आधी जेवण, मग नमाज. पहिल्या घासातच पोट भरून घेऊ नका.

दुलांगवर चौघं. कोरडे तांदूळ परातीमागे ४५० ते ५०० ग्रॅम पुरतात. भात मध्ये पसरलेला, वर चार कोंबडीचे तुकडे, भाजी, सांबाल (मिरचीची चटणी). जोहोरकडची मंडळी असतील तर नासी आंबेंग, म्हणजे भाताभोवती मांडलेले पदार्थ : रेंदांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मांस), सेरुंदिंग (परतलेला मसालेदार खोबऱ्याचा कीस), परतलेल्या शेवया, खारा मासा, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी).

केंडी (तोटीची झारी) आणि तस्त फिरतं, फक्त उजवा हात धुवायचा. पाण्याची धार तस्तातच, परातीवर ओघळू देऊ नका. पुरुष मांडी घालून, बायका पाय एका बाजूला दुमडून, आणि बहुधा वेगवेगळ्या रांगांत. परातीतला ज्येष्ठ सुरुवात करतो. आपल्यासमोरचाच भाग खायचा, समोरच्याच्या बाजूला हात नाही. मधला मोठा तुकडा उजव्या हातानेच तोडून दुसऱ्याच्या बाजूला सरकवणं हा इथला आग्रह, त्याला नको म्हणू नका, थोडं तरी घ्या. भात आपल्या बाजूने काठाकडून आत खात जा, म्हणजे उरलेला मध्ये स्वच्छ राहतो. आंबेंगचं उरलेलं बांधून घरी न्यायची रीतच आहे, त्याला बरकत म्हणतात.

शाकाहारी असाल तर आधीच सांगा. सोडे किंवा बेलाचान (जवळ्याचं आंबवलेलं वाटण) बहुतेक सांबालात असतात, नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. त्यांच्यासाठी ३ लिटर खीर आळंबी घालून वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने.

घरून काही नेणार असाल तर स्वयंपाक करून नेऊ नका. हलालच्या शिक्क्याची बंद खोक्यातली खजूर किंवा अख्खी कलिंगडं. कलिंगड तिथेच कापा, ते कधीच उरत नाही.

शाहआलमकर

आभार. सुराउत विचारलं, बीफचंच ठरलंय. चव बघायला आमच्यातले दोघे आणि कलथ्याला १५-१५ मिनिटांच्या पाळ्या लावल्या. तराव्हीनंतर (रमजानातल्या रात्रीच्या नमाजीनंतर) मोरेह, म्हणजे हलका फराळ, पण आहे म्हणतात, तेव्हासाठी खीर राखून ठेवावी का?

काहीलवाला

नको. मोरेह सुरू व्हायला साडेनऊ-दहा होतात, तोवर पाच तास उलटलेले असतात. त्या वेळी चहा आणि कोरडं कुईह ठेवा.