हलवा, टोपडं, गोधडी, वाती : थंडीत आधी काय घ्यावं?

मी (दारव्ह्याजवळ) : सगळ्यांना नमस्कार. मोकळ्या मनानं विचारते. चार कामं एकदम आली आहेत आणि थंडी अशी की सकाळी सुईत दोरा जात नाही. धाकट्या जाऊबाईंच्या नातवाचं बोरन्हाण आहे, त्याचे हलव्याचे दागिने माझ्याकडे. लेकीचं बाळंतपण जानेवारीच्या शेवटी, तिच्या बाळाला टोपडं-स्वेटर आणि एक लहान गोधडी. शिवाय हळदीकुंकवाला घरच्या कापसाच्या वाती वाण म्हणून द्यायचं ठरवलं आहे. शेतात वेचणी चालूच. आधी कशाला हात घालू?

आत्याबाई (अर्जुनी मोरगाव) : टोपडं आधी कर माय. दागिन्याविना पोट्ट्याचं काही अडत नाही, पण नवं लेकरू उघड्या डोक्यानं राहिलं तं लगेच गार पडते.

मोठ्या वहिनी (पुसद) : आत्याबाई, टोपडं पावसातही विणता येते. हलवा नाही येत. सध्या आभाळ साफ आहे, हवा कोरडी आहे, हेच दिवस हलव्याचे. जानेवारीत ढग आले की पाक चिकटतो, दाण्यावर बारीक काटा धरत नाही. माझं मत, आजपासून हलवा.

धाकट्या जाऊबाई : ताई, आमच्यासाठी घाई नका करू. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, संक्रांतीलाच करू असं काही नाही.

मोठ्या वहिनी : तारीख पुढं जाईल गं, हवा थांबणार नाही ना. हलवा करून डब्यात ठेवला की झालं, दागिने मागाहून बांध. काटा येईपर्यंतचं काम मात्र थंडीतच.

मी : वहिनी, तुमचा हलवा दरवर्षी पांढराशुभ्र असतो. नीट सांगा ना, लिहून ठेवते.

मोठ्या वहिनी : तीळ स्वच्छ करून कोरडेच थोडे गरम करायचे. साखर बुडेल इतकं पाणी, उकळी आली की चमचाभर दूध, मळी वर येते ती काढून टाकायची. मग थोडं लिंबू. पाक फार घट्ट नको. परात अगदी मंद निखाऱ्यावर, त्यात तीळ, वरून चमचाभरच पाक आणि बोटांनी फिरवत राहायचं. तो वाळला की पुढचा चमचा. घाईनं दोन चमचे घातले की तीळ एकमेकाला चिकटून गोळे होतात, मग ते सुटत नाहीत. आच वाढवली तर हलवा पिवळा पडतो आणि काटाही गुळगुळीत होतो. एका बैठकीत होत नाही, रोज थोडा वेळ, असे काही दिवस लागतात. मी पहाटे करते. सगळे झोपलेले असतात, हात परातीजवळ ऊबेत राहतात. रात्री फडक्यानं झाकून कोरड्या जागी ठेव, दव लागू देऊ नको.

भाची (अमरावती) : मोठी मामी, हे वाचून मलाही करावंसं वाटलं. दागिने पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवायचे का?

मोठ्या वहिनी : नाही. बाळ हमखास तोंडात घालते. दुहेरी दोऱ्यात एकेक दाणा गाठीत अडकवायचा. वेळ लागतो पण तसंच करावं.

नर्सबाई वहिनी (वाशीम) : आणि फोटो झाले की लगेच काढून ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात हलवा, बोराची बी, शेंगदाणा काहीही अडकू शकते. डोक्यावरून ओतायला चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या पुरे. हौस तेवढीच होते.

धाकट्या जाऊबाई : हो, तसंच करू. बोरं बाजूला ठेवू, मोठी पोरं खातील.

मी : टोपड्याची एक अडचण आहे. सकाळी विणलेल्या ओळी आवळ आणि दुपारच्या सैल दिसतात. एकाच टोपड्यावर पट्टे पडले आहेत.

भाची (अमरावती) : गार बोटं आपोआप लोकर ओढून धरतात, मामी. एक वेळ ठरवा, फक्त दुपारी विणा. सळया लोखंडी असतील तर बदला, प्लॅस्टिकच्या किंवा बांबूच्या हाताला गार लागत नाहीत. आणि 10 नंबरऐवजी 9 घेऊन पाहा. नंबर कमी तशी सळई जाड, वीण सैल येईल. आधी चौकोन विणून मोजून घ्या म्हणजे उसवावं लागत नाही.

नर्सबाई वहिनी : गळ्याशी लांब बंद नका लावू. केसाळ लोकर नको, नाकातोंडात जाते. मऊ आणि धुता येणारी घ्या.

मी : रात्री सगळं निजल्यावर शेगडी खोलीत घेऊन शिवायचा विचार होता. दार लावून बसलं की थंडी लागत नाही.

नर्सबाई वहिनी : ताई, हे अजिबात करू नका. हात जोडून सांगते. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होते, झोप आल्यासारखं वाटते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. शेगडी अंगणात किंवा पडवीत, मोकळ्या हवेत. लोकर आणि पॉलिस्टरचं कापड तिच्यापासून लांब. बाळंतिणीच्या खोलीतही शेगडी ठेवून दार लावू नका, ही सवय आपल्याकडे अजून आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

आत्याबाई : बरं सांगतलं बाई. आमच्याकडे दरसाल शेक-शेगडी चालते, आता दार उघडंच ठेवू.

मी : ऐकलं वहिनी. रात्रीचं काम बंद.

पुतण्या : काकू, आजी शेजारी बसली आहे. ती सांगते तसं टाइप करतो. "गोधडीले नवं कापड नको आणू. माह्यी दोन सुती लुगडी संदुकीत हायेत, तेच घे. धुऊन धुऊन मऊ झाले. लेकराच्या अंगाले टोचत नाही. पॉलिस्टरची साडी मधात घालू नको, थर सरकते अन् गोधडी गोळा होते. दोऱ्याले मेण लाव. कडेपासून सुरू कर, चौकोनात फिरत फिरत मधात ये. टाका बारीक असला तं पन्नास धुण्यात उसवत नाही."

मी : आईंचं लुगडं कापायला हात धजत नव्हता. त्यांनीच सांगितलं, आता बाळ त्यातच निजेल. आईंना माझा नमस्कार सांग रे.

पुतण्या : सांगितला. आजी म्हणते, "कोपरे मी घालीन, पोट्ट्यायले नाई जमत ते."

आत्याबाई : गोधडी अंगणात पसरा, ऊन आलं की. दोघी-तिघी चार बाजूनं बसल्या तं लवकर सरते. सांजेले घरात घ्या, दवानं ओली झाली तं वास येते.

मोठे भाऊजी : वेचणीचं मी पाहतो. दव सुकल्याशिवाय मजूर वावरात उतरत नाहीत, ओला कापूस घेताना व्यापारी भाव पाडतो. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीतही 12 टक्क्यांवर ओल चालत नाही. म्हणजे सकाळचा वेळ तुम्हाला आहे. दुपारचा डबा मी इथून नेईन, तुम्ही वावरात येऊ नका.

मी : भाऊजी, मोठंच ओझं उतरवलं. वातींसाठी स्वच्छ कापूस वेगळा काढाल का? पालापाचोळा नसलेला, पहिल्या वेचणीचा.

मोठे भाऊजी : तीन किलो ठेवला आहे. त्यातून साधारण एक किलो रुई निघेल, बाकी सरकी. वातींना पुष्कळ होईल. सरकी फेकू नका, म्हशीला लागते.

भाची (अमरावती) : मामी, वाती माझ्याकडे द्या. सरकी काढून दिली तर मी आणि माझ्या दोन मैत्रिणी टीव्हीसमोर वळू. रुई उन्हात तापवून घेते, मग तंतू नीट सुटतात.

मी : मग असं ठरवते. पहाटे हलवा, आभाळ साफ आहे तोवर. दुपारी लोकर, तीही 9 नंबरवर नव्यानं. पट्ट्यांचं टोपडं उसवून टाकते. ऊन चढलं की आईंसोबत गोधडी. वाती अमरावतीला. हलवा झाला की पहाटेची वेळ गोधडीला देता येणार नाही, बोटं चालत नाहीत, तेव्हा घरातली झाडलोट आणि स्वयंपाक पुढं ओढून घेईन म्हणजे दुपार मोकळी राहील.

मोठ्या वहिनी : बरोबर. ढग दिसले तर मात्र त्या दिवशी परात लावू नको, सरळ लोकर घे.

आत्याबाई : अन् लेकीले काही करू देऊ नको आता.

मी : तिनं टोपड्याचा गोंडा मागितला आहे करायला. बसल्या बसल्या तेवढं करू देते. 9 नंबरच्या सळया कोणाजवळ आहेत का? इथल्या दुकानात 10 आणि 12 च मिळाल्या.

धाकट्या जाऊबाई : माझ्याकडे आहेत, प्लॅस्टिकच्या. रविवारी येते तेव्हा आणते, आणि तीळही निवडून आणते.