गच्चीवर नेमबाजीसाठी एअर रायफल कुठली घ्यावी? (इंदूर)

राजेंद्रनगरवाला:
नमस्कार मंडळी. पॅरिसला मनू भाकरची मेडल्स आली तेव्हापासून आमच्या कन्येच्या डोक्यात नेमबाजी बसलीये, आणि खरं सांगू तर आता मलाही चस्का लागलाय. दुकानदार म्हणतो, साहेब सेकंदाला हजार फूट स्पीडवाली घ्या, डोळे मिटून. स्प्रिंगची घ्यावी की पीसीपी (टाकीत दाबून हवा भरून ठेवायची असते ती)? पॉइंट टूटू, म्हणजे साडेपाच मिमीची, चालेल का? लायसन लागतं का? गच्ची बारा-तेरा मीटर लांब आहे. कबुतरांनी जीव खाल्लाय तो वेगळाच विषय.

महूकर:
कबुतरं विसरा भाऊ, आधी ते. जाळी लावा.
लायसनचं असं की २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे बोअर, म्हणजे नळीचं भोक, ४.५ मिमी म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंचापर्यंत आणि ताकद २० जूलपर्यंत असेल तर लागत नाही, टूटू घेतलीत की लायसनमध्ये गेलात. बिल जपून ठेवा.
आणि त्या हजार फुटाला भुलू नका यार, तो आकडा हलका छर्रा घालून काढलेला असतो. साधा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा हजार फुटाने मारलात तर हिशोब २३ जूलच्या वर जातो, म्हणजे एकतर आकडा फेकलेला नाहीतर गन लायसनवाली! दहा मीटरच्या मॅचमध्ये याच्या निम्म्याहून कमी ताकदीच्या रायफली असतात, अभिनव बिंद्राने २००८ ला गोल्ड काय स्पीडवर आणलं का?

बडोद्याची_ताई:
मुलगी किती वर्षांची ते सांगितलं नाहीत दादा. नळी मोडून लोड करायची स्प्रिंगवाली असते तिला दरवेळी चांगलाच जोर लावावा लागतो, जास्त ताकदीची घेतलीत तर पोरगी दहा शॉटमध्ये कंटाळेल. वर स्प्रिंगचा झटका मागे पण येतो आणि पुढे पण, त्यामुळे साधी स्कोप (दुर्बीण) तिच्यावर टिकत नाही आणि रायफल गच्च आवळून धरली की नेम भरकटतो, हलक्या हाताने टेकवायची. पीसीपीला झटका जवळजवळ नाहीच, पण २०० बार दाबापर्यंत हवा भरायला हातपंप मारून बघा एकदा, खांदे बोलतात. मी म्हणेन मध्यम ताकदीची स्प्रिंग घ्या, ओपन साइटवर, म्हणजे दुर्बिणीशिवाय नळीवरच्या माशीवर, शिकू दे. आणि रिकामी चालवू नका, छर्रा नसला की पिस्टन थेट आपटतो, सील जातं.

राजेंद्रनगरवाला:
१४ ची आहे ताई. मग गच्चीत लावू ना?

महूकर:
लावा, पण मागे काय आहे ते बघा. कठडा कमरेएवढा आणि पलीकडे शेजाऱ्यांची टाकी असेल तर नको, चुकलेला छर्रा शेकडो मीटर जातो. लाकडी खोक्यात जुने कपडे ठासून भरा, मागे जाड लोखंडी पत्रा, खोक्याच्या पुढे नेमाचं कार्ड. दगडी भिंतीवर डायरेक्ट मारलात तर छर्रा उलटा येतो, दोघांनी चष्मे घालायचे. गच्चीचं दार गच्चीच्या बाजूने बंद, कोणी वाळवण आणायला अचानक वर यायला नको. छर्रे शिशाचे असतात, नंतर हात साबणाने धुवायचे, शेव-पोहे त्यानंतर. आणि शॉट संपले की गन कुलपात, चावी तुमच्याकडे.

बडोद्याची_ताई:
छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, कार्डावर स्वच्छ गोल भोक पडतं, मोजायला बरं. दोन-तीन कंपन्यांचे छोटे डबे आणून एकाच बैठकीत रायफल टेकवून मारून बघा, एकाच नळीला एक डबा आवडतो आणि दुसरा अजिबात नाही, त्यामुळे आधीच मोठा डबा घेऊन बसू नका.