मदत हवी आहे: औषधाच्या दुकानात वजन कमी करण्याविषयी सल्ला देताना मर्यादा कुठे आखावी?

नमस्कार. देवगड तालुक्यातील एका गावात मी 17 वर्षे औषधांचे दुकान चालवत आहे. दुकानाच्या दारातील वजनकाटा लहान मुलांच्या औषधाची मात्रा पडताळून पाहण्यासाठी आणला होता; अलीकडे मात्र एसटीची वाट पाहणारी मोठी माणसेच त्यावर जास्त चढतात आणि मग हळू आवाजात विचारतात, "भाऊ, वजन कमी करूचां इंजेक्शन तुमच्याकडे मेळतां काय?"

गेल्या महिन्यात पन्नाशीच्या एक काकू सकाळी दुकानात आल्या. कपाळ घामाने डबडबले होते आणि हात इतका थरथरत होता की पाकिटातून नोटा काढता येत नव्हत्या. रक्तातील साखर तपासली तर 58, म्हणजे फारच कमी निघाली. साखरेचे पाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि मुलासोबत त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. नंतर कळले की वजन उतरावे म्हणून त्यांनी रात्रीचे जेवण सोडून कोणाकडून तरी घेतलेली पावडर सुरू केली होती, आणि साखर कमी करणारी मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड, मात्र पूर्वीप्रमाणेच चालू होती. ती गोळी दर महिन्याला मीच त्यांना देत होतो आणि जेवणाविषयी एकदाही विचारले नव्हते, याची टोचणी अजून गेलेली नाही.

म्हणून आठवड्यातून एक दुपार यासाठी राखून ठेवावी, असा विचार आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कामच आहे. निदान करणे किंवा औषध ठरवणे हे नाही. वजन आणि उंचीसोबत कमरेचा घेरही मोजणार आहे, कारण आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, तर घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर आहे. लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्याने मनाई असल्यामुळे तसा दावा करणारा फलक लावणार नाही. मार्च 2025 मध्ये टिर्झेपटाइड हे वजन कमी करणारे इंजेक्शन भारतात आल्यापासून त्याची विचारणा वाढली आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देणार नाही. शिवाय ते 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास नसते, तेव्हा इन्सुलिन सांभाळतानाच जीव मेटाकुटीला येतो.

अडचण वाटते ती बोलण्याची. सकाळी पेज आणि दोन्ही वेळेला माशाच्या आमटीबरोबर भात खाणाऱ्या माणसाला "भात बंद करा" असे सांगितले, तर तो चार दिवस ऐकतो आणि पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. त्यापेक्षा भात वाटीने मोजून घ्या, कुळथाची पिठी आणि भाजी वाढवा, तळलेल्या तुकडीऐवजी आमटीतली घ्या, असे सांगणे मला पटते. पण घरातील बाई सर्वांत शेवटी जेवते आणि उरलेले टाकवत नाही म्हणून संपवते. तिला वाटीचे माप कसे समजवावे, हे अजून सुचलेले नाही.

ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांना माझी विनंती आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना कळवण्यासाठी आपण चिठ्ठी कशी लिहिता, ज्यामुळे मी त्यांच्या उपचारात ढवळाढवळ करतो असे त्यांना वाटणार नाही? प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर क्षयरोग किंवा वाढलेली साखर यांच्या शंकेने मी लगेच तपासणीला पाठवतो; याशिवाय कोणत्या खुणा दिसताच सल्ला थांबवावा? नोंदवहीत किमान काय लिहावे? आणि माझे दुकान दहा फुटांचे आहे, समोरच एसटीचा थांबा आहे. तेवढ्या जागेत एखाद्या वहिनींच्या कमरेचा घेर त्यांना संकोच न वाटता मोजायचा, तर आपण कशी व्यवस्था केली आहे? माझी पत्नी दुपारी दुकानात असते. तिला मोजमाप शिकवून ते काम तिच्याकडे दिले तर चालेल का?